गोलवर कोण?

वाटणीच्या शुक्रवारी साबीर मुकादमांना सगळे घाबरत. एरवी ते कुवेतच्या शुवैख भागातल्या एका गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करतात आणि कोणाला उलटून बोलत नाहीत.

आमच्या किनाऱ्यावरची माणसं तशी क्रिकेटची. पण कुवेतमध्ये उन्हाळा ओसरला की कोकणवाल्यांची फुटबॉल स्पर्धा सुरू होते. संघांना गावांची नावं असतात. हर्णै, दाभोळ, श्रीवर्धन. मात्र एखाद्या गावाची माणसं इथं खंडीभर आणि एखाद्याची चारच. म्हणून सगळ्या खेळाडूंची नावं एकत्र करतात आणि संघांचे प्रमुख पाळीपाळीनं एकेकाला उचलतात. हीच वाटणी. पाळीशिवाय एकच माणूस ठेवता येतो. त्याला ‘घरचा’ म्हणतात.

वाटणी संपली की बिर्याणीचं पातेलं उघडण्याआधी उणं काढतात. एका संघाचा प्रमुख उभा राहून दुसऱ्याच्या संघाची फोड करतो. कुठली जागा रिकामी राहिली, कोणाला उगाच घेतलं, सगळं तोंडावर सांगतो. रागवायचं नाही. उणं पटलं तर झाकण निघायच्या आत एक अदलाबदल करता येते.

यात साबीरभाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. “पुढे पळणारे चार घेतलेत श्रीवर्धनवाल्यांनी. बॉल कोण देणार त्यांना? अकबरचा सासरा?” असं ते म्हणाले तेव्हा श्रीवर्धनचा अकबरच सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. गेल्या वर्षी दाभोळच्या यासिरला ते म्हणाले, “तुझ्या गोलला दारच नाय रे. नुसती चौकट हाय.” यासिरला ते वर्षभर ऐकावं लागलं.

अब्बासियात साबीरभाई आणि मी एका खोलीत राहतो. मी गुहागरकडचा. मराठी घेऊन एम.ए. झालो आणि इथं गोदामाचा माल व्हॅननं पोहोचवतो. साबीरभाई मला मास्तर म्हणतात. खेळ बघायला त्यांनीच शिकवलं. “बॉल बघू नको, मास्तर. रिकामी जागा बघ.”

ते स्वतः हर्णैचे गोलकीपर. प्रमुखही तेच आणि घरचेही तेच.

रमजानच्या आधी गॅरेजात एका गाडीचं बॉनेट त्यांच्या उजव्या खांद्यावर पडलं. तेव्हापासून हात कानाच्या वर जात नाही. केस डाव्या हातानं विंचरतात. सदरा घालताना मी बाही धरतो. “पोरांना बोलू नको,” एवढंच ते म्हणाले होते.

वाटणीच्या आदल्या आठवड्यात ते स्वयंपाकघरात कांदा चिरत संघाचा हिशेब मांडत होते. “मागं डावा कोपरा उघडा हाय. मधे दमाचा माणूस पायजे. आणि पुढे उंच कोणीतरी. कॉर्नर फुकट जातात आपले.”

“आणि गोलवर?”

त्यांची सुरी थांबली.

“गोलवर घरचा हाय ना.”



वाटणी सबाह अल-सालेममध्ये एका हॉलवर होती. जुम्म्याची नमाज आटोपून सगळे जमले. त्या दिवशी साबीरभाईंनी जशी माणसं उचलली तशी कोणी उचलली नसतील. पहिल्या पाळीला सगळे पुढच्या फळीमागे धावले. त्यांनी अहमदला घेतलं. डाव्या कोपऱ्यातला, अंगानं किरकोळ, पण मागे न फिरणारा. मग मधल्या जागेसाठी प्रभाकर. मग अशरफ, दारातून वाकून येणारा.

रिदाचं नाव मात्र तसंच पडून होतं. रिदा गोलकीपर. तरुण, लांब हातांचा. हर्णैची पाळी आली की हॉल गप्प व्हायचा. साबीरभाई दुसरंच नाव घ्यायचे.

शेवटी यासिरची पाळी आली. त्याच्याकडे गोलकीपर होता. तो आधी साबीरभाईंकडे वळला.

“साबीरभाई, रिदाला घेऊ ना?”

“घे की. माझी परवानगी कशाला?”

यासिरनं रिदाला घेतलं.

हर्णैचं उणं काढायचं यंदा यासिरकडे आलं. लोक खुर्च्या ओढून पुढे सरकले. चौकटीची परतफेड होणार होती. “सोडू नको रे!” अकबर ओरडला.

यासिर उठला. “मागं डावा कोपरा, अहमद. भरला. मधली जागा, प्रभाकर. भरली. पुढे अशरफ. तीपण भरली.” तो थांबला. “गोलवर साबीरभाई.”

त्यानं खुर्ची मागे ओढली.

“उणं काय नाय,” तो म्हणाला आणि बसला.

आजवर एकही संघ बिनउण्याचा सुटला नव्हता. मी लोकांची तोंडं पाहिली. कोणी पातेल्याकडे बघत होतं, कोणी मोबाइलकडे. त्यांना ठाऊक होतं. ईदला साबीरभाईंनी सगळ्यांना एका हातानं मिठी मारली होती. ते कोणाच्या नजरेतून सुटणार होतं?

साबीरभाईंचे कान लाल झाले. “अरे बोल ना. मागल्या वर्षी मी तुला सोडला होता काय?”

“राहू दे, साबीरभाई. बिर्याणी थंड होतेय.”

ते उठले. “मग मीच काढतो. हर्णैला गोलकीपर नाय.” त्यांनी उजवा हात वर नेला. तो कानापाशी अडकला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. “हे बघा. इथपर्यंत. गोलचा दांडा काय इथं नसतो.”

हा विनोद होता. कोणी हसलं नाही.

“मला बदल पायजे, यासिर. रिदा दे.”

“घ्या.”

“बदल्यात मी येतो. दाभोळकडून.”

यासिर खाली बघायला लागला. “नको, साबीरभाई. तुम्ही त्याला असाच घ्या.”

“असाच कसा? अदलाबदल हाय ती. मी बदली कीपर म्हणून बसेन तुझ्याकडे.”

“असाच दे रे त्याला,” मागून अकबर म्हणाला. आवाज मायेचा होता. त्यामुळेच तो ऐकवला नाही.

दुपारभर प्रत्येकाचं मोल ठरवणारा माणूस मधोमध उभा होता. स्वतःचं नाव त्यानं पुढे केलं होतं आणि ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं. मी खुर्चीतच राहिलो.

“बरं. असाच घेतो,” ते म्हणाले आणि बसले. कोणीतरी घाईनं पातेलं उघडलं.

रिदा ताट घेऊन आला, त्यांच्यासमोर ठेवलं आणि उभाच राहिला. “काय रे?” त्यांनी विचारलं. “काय नाय,” म्हणून तो गेला. ताटात सगळे चांगले तुकडे होते. त्यांनी भात खाल्ला. तुकडे बाजूला राहिले.

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी विचारलं,

“सगळ्यांना ठाव होतं?”

“हो.”

“तू बोललास?”

“नाही. ईदला दिसलं असेल.”

त्यांनी मान हलवली. “मला तर सगळ्यांच्या आधी ठाव होतं, मास्तर. रिकामी जागा मला पहिली दिसली. तरी दुसरीच नावं घेत गेलो. पोरं हरली असती. मला कळत होतं, हरतील.” मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “आणि वर त्यांनी मला सांभाळून घेतलं.”

मी किल्ली फिरवली.

इथं गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे माझ्या शेजारी बसलं की सीटचा पट्टा उजव्या खांद्यामागे येतो. रमजानपासून ते अंग पिळून डाव्या हातानं तो ओढायचे. मी हात पुढे केला की खेकसायचे, “तू रस्ता बघ.”

त्या दिवशी ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी त्यांच्या अंगावरून वाकलो, पट्टा ओढला आणि लावला.