खरखरीत खुंटी

पॉलिशवाल्याला कारखान्यात सगळे 'चकाचक' म्हणत. बफच्या चाकावर त्याने धरलेल्या वस्तूत बघणाऱ्याला आपलं नाक दिसलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट. आधी नळाच्या तोट्या, मग दारांच्या मुठी आणि आता खुब्याच्या कृत्रिम सांध्यांचे गोळे. काही खडबडीत दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे.

एकदा त्याला टेबलावर त्याच सांध्यांच्या टायटॅनियमच्या खुंट्या दिसल्या, टोकाला गोळा लावून मांडीच्या हाडात बसवायच्या. वरचा भाग खरखरीत. कोणीतरी अंग चोरून काम अर्धवट टाकलंय, असं त्याला वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने एक खुंटी आरशासारखी करून टाकली आणि मोठ्या दिमाखात तपासणीवाल्या बाईंपुढे ठेवली. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, ही गेली भंगारात! हाड जिवंत असतं. ते या बारीक खळग्यांत शिरतं, वाढतं आणि खुंटीला धरून ठेवतं. गुळगुळीत केल्यावर ते धरणार कशाला?"

"आणि गोळा?"

"गोळा फिरायचा असतो. तो चकचकीतच हवा."

त्याचं तोंड एवढंसं झालं.

पुढे त्याच्या बायकोचाच खुबा झिजला. पलंगावरून उठताना ती दात आवळायची. पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती कानांवर हात ठेवायची. डॉक्टरांनी सुचवलेला सांधा याच कारखान्यातला निघाला, तेव्हा कुठे ती जरा नरमली.

"सगळा तुमच्या हातून गेलेला असेल ना? मग घेते बसवून. परक्याच्या हातचं मला अंगात नको."

हो म्हणून टाकलं असतं तर ती तिथल्या तिथे तयार झाली असती. शब्द ओठांवर आलाही होता. पण नंतर काठी घेऊन पाय जपायचा होता तिलाच, आणि तो का जपायचा हे तिला ठाऊक असायला हवं होतं.

"गोळा मी घासलेला असेल," तो म्हणाला. "खुंटीला मात्र मी बोटही लावत नाही."

"का बरं?"

"मी घासली तर तुझं हाड तिला धरणार नाही. ते काम तुझ्या हाडाचं. सावकाश करेल ते. तोवर काठी सोडायची नाही."

ती त्याच्या काळवंडलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"घरातलं एक भांडं घासल्याशिवाय सोडलं नाहीत कधी. आणि ही सोडलीत?"

"सोडली."

"मग डॉक्टरांना म्हणावं, तारीख द्या."