सोमवारची पारध

आमच्या गावात शिमग्याला पारध निघते. अजूनही निघते. ती कायमची बंद व्हावी असं माझं मत आहे, आणि ते मी गावकीत उभी राहून सांगितलं आहे, घरात जेवताना सांगितलं आहे, सासऱ्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. काडीचाही उपयोग झाला नाही. लिहून होईल असंही नाही, पण पोटात ठेवलं की माझंच पित्त खवळतं.

गाव जयगडच्या रस्त्यावरून आत आहे. वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, उतारावर रान, खाली भातशेती. मी रत्नागिरीत नोकरी करते, नवरा बंदरात पाळीवर जातो, आणि सुट्टी मिळाली की आम्ही दोघं गावी जातो. गावच्या घरात सासरे आणि माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा मुंबईला, गणपती-शिमग्यापुरता घरी येणारा. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. त्यावरून लोक तिला जे ऐकवायचे ते ती खाली मान घालून ऐकायची. मी असते तर एकेकाची जीभ हातात दिली असती.

पारधीचा पहिला मान आमच्या घराचा. सासऱ्यांच्या तरुणपणी ती खरी पारध होती. धुळवडीला कुत्री सोडायची, हाकारे घालायचे आणि डुक्कर मारून आणायचं. मग शेजारच्या गावातली चार माणसं वनखात्याने उचलली, कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या, आणि आमची गावकी एकदम कायद्याची झाली. देवाचा मान चुकायला नको आणि तुरुंगही नको, म्हणून त्यांनी शक्कल काढली. जनावर मारायचं नाही, नुसता माग काढायचा. गोणपाटाच्या बोचक्याला रानडुकराची चरबी चोळायची, ते दोरीने रानातून आणि सड्यावरून फरफटत न्यायचं आणि थोड्या वेळाने कुत्री सोडायची. कुत्री वासावर धावणार, माणसं ओरडत मागून जाणार. सड्यावर एक ऐनाचं झाड आहे, तिथे माग संपायचा. झाडाखाली कोंबडा कापायचा, आतडी कुत्र्यांना टाकायची आणि बाकीचं तिथेच शिजवून खायचं.

ऐकायला कसं छान वाटतं. कुणाचा जीव नाही, कुणाचा दोष नाही. फक्त डुक्कर मारत नसतील तर चरबी दरवर्षी ताजी कुठून येते, हे विचारायचं नाही. मी विचारलं होतं.

"बाजारात मिळते," सासरे म्हणाले.

"कुठच्या बाजारात?"

"तुला घ्यायचीय काय?"

आणि माग ओढणाऱ्याचा पाय दरवर्षी बरोबर डुकरं बसतात त्या करवंदीच्या जाळीकडेच कसा वळतो, हेही विचारायचं नाही. कुत्री जाळीत घुसली आणि एखादं जनावर फाडलं, तर सगळे हळहळून म्हणायचे की मुक्या प्राण्याला कोण समजावणार. हळहळता हळहळता वाटे घालायचे.

डुकरांवर माझं प्रेम नाही. आमची रताळी त्यांनी एका रात्रीत उलथून टाकलेली मी पाहिली आहेत, आणि उभ्या भातात लोळून गेली की शेताकडे बघवत नाही. शेत राखायचं तर राखा, सरकारशी भांडा. पण मारायचं आणि वर मारत नाही म्हणायचं, त्यात देवाला ओढायचं, हे मला सहन होत नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या शेताच्या कडेला तारेच्या फासकीत एक डुकरीण अडकली. सासऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी ती तिथेच संपवली. जाऊ चहा घेऊन गेली होती. डुकरिणीची कातडी सोलत होते आणि तिचं एक पिलू, पाठीवर पट्टे असलेलं, तिच्या पोटाशी तोंड खुपसून दूध शोधत होतं. कुणी त्याच्यावर हात टाकायच्या आत जाऊने त्याला पदरात घेतलं आणि चहाची किटली तिथेच टाकून घरी आली.

घरी कुत्री नुकतीच व्यायली होती. तिची पिल्लं सासऱ्यांनी गोणीत घालून खाडीत सोडली होती. एवढी कुत्री पोसायची कुणी, असं त्यांचं म्हणणं. कुत्रीच्या आचळांत दूध तटतटलेलं, ती गोठ्यात रडत पडलेली. जाऊने पिलू तिच्यापुढे ठेवलं. कुत्रीने हुंगलं, चाटलं आणि कुशीवर होऊन त्याला आचळाशी घेतलं.

पिलू वाढलं. अंगावरचे पट्टे गेले, केस राठ झाले. जाऊच्या मागे मागे ते विहिरीवर जायचं, तिने कपडे आपटले की शिंतोड्यांना तोंड लावायचं. गोठ्याच्या कोपऱ्यात पेंढ्यात ते आणि कुत्री एकत्र झोपायची. बायका विचारायच्या, "काय गो, पोराला न्हाऊ घातलंस काय?" आणि खिदळायच्या. जाऊ म्हणायची, "व्हय, घातलं." तिला उलटून बोलताना मी पहिल्यांदा तेव्हाच ऐकलं. फोनवर मला ती त्याने काय खाल्लं ते सांगायची. मला कंटाळा यायचा, पण मी ऐकायचे.

शिमग्याच्या आधी देवळाच्या मंडपात गावकी बसली. त्याच आठवड्यात वनरक्षक गावात येऊन सांगून गेला होता, की कुणाच्या घरात रानडुकराची चरबी सापडली तर थेट गुन्हा. म्हणजे आता माग कशाचा काढायचा? सगळे डोकं खाजवत बसले. मला वाटलं, हीच वेळ. मी उठले आणि म्हटलं, "बंद करा ना. तुम्हालाही माहीत आहे, हे सगळं सोंग आहे."

"वैनी, तुम्ही रत्नागिरीची कामं बघा," एकाने सांगितलं. "गावाचं गाव बघेल."

तेवढ्यात खांबामागून जाऊ बोलली. गावकीत ती तोंड उघडत नसे. ती म्हणाली, "मामा, बंदच करा. आपल्या घरात डुकराचं पिलू हाय. कुत्री त्याच वासावर सोडलीत, तर उद्या त्याला ठेवतील काय?"

हशा पिकला. तिच्या पोराची काळजी, म्हणून एकजण ओरडला. सासरे मात्र हसले नाहीत. ते सुनेकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, वास तर घरात हाय," ते म्हणाले. "चरबी कशाला पायजे? त्याचा पेंढा घेऊ."

सगळ्यांनी वाहवा केली. पेंढा ठेवणं काही गुन्हा नाही. तिने जीव वाचवायला तोंड उघडलं आणि त्यांना नेमकी हवी ती वस्तू हातात दिली.

रात्री घरी मी सासऱ्यांशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "पेंढा नेतंय, पिलू नाय नेत. ती कुत्री त्याची आई हाय. एवढी भीती वाटते तर बांधून ठेवा." जाऊने माझ्याकडे पाहिलं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हटलं, बांधू.

धुळवड सोमवारी आली. सकाळी जाऊने पिलाला गोठ्यातल्या खुंटाला बांधलं, दोर दुहेरी केला, गाठीवर गाठ मारली आणि दाराला बांबूचा झाप लावून घेतला. सासऱ्यांनी त्याच्या खालचा पेंढा गोणपाटात भरला आणि बोचकं ओढायला सुरुवात केली, ती गोठ्याच्या दारातूनच. मानकऱ्याच्या दारातून माग निघतो ही रीत. मग शेताच्या बांधावरून, रानातून, वर सड्यावर. आमची कुत्री पुढे आणि गावची सगळी कुत्री तिच्यामागे, अशी पारध निघाली. माझा नवराही गेला होता; दिराला त्या वर्षी रजा मिळाली नव्हती. वर काय झालं ते त्याने मला सांगितलं.

ऐनाखाली पोचल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की आज सोमवार. सोमवारी कोंबडा कसा कापणार? आमच्याकडे सोमवारी अंडंही कुणी फोडत नाही. थोडी चर्चा झाली. कोंबडा पाय बांधून परत न्यायचा आणि मंगळवारी कापायचा असं ठरलं, देवाला नारळ फोडला. कुत्री केव्हाची धापा टाकत उभी होती. दरवर्षी इथे आतडी मिळतात हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यापुढे खोबऱ्याचे तुकडे टाकले. कुत्र्यांना सोमवार कळत नाही. ती खोबरं हुंगून भुंकायला लागली, एकमेकांवर गुरगुरायला लागली. आमची कुत्री झाडाभोवती फिरली, नाक खाली घातलं आणि ज्या वासावर आली त्याच वासावर उलटी निघाली. बाकीची तिच्यामागे. बाप्ये हसले. "घरला निघाली, भूक लागली," असं म्हणून त्यांनी विड्या पेटवल्या. माग कुठून सुरू झाला हे माझ्या नवऱ्याला आठवलं, तेव्हा कुत्री रानात उतरली होती.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात वडे तळत होतो. कुत्री आल्याचा आवाज आला. जाऊ म्हणाली, "लवकर आली." मी मागच्या दारातून पाहिलं. आमची कुत्री झापाखालून गोठ्यात शिरली होती. पिलू तिला बघून नाचत होतं, ती शेपूट हलवत त्याचं तोंड चाटत होती. मी हे पाहिलं आहे, म्हणून सांगते. मग बाकीच्यांनी झाप पाडला. पहिल्या कुत्र्याने पिलाचा मागचा पाय धरला, पिलू किंचाळलं, रक्त आलं. रक्त आल्यावर आमची कुत्रीही त्यांच्यातलीच एक झाली. तिने गळा धरला.

जाऊ फुंकणी घेऊन आत घुसली. एका कुत्र्याने तिचा हात फोडला. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती मला लाथा मारत होती आणि ओरडत होती, "ताई, दोर सोड, दोर सोड." दोर कसा सुटणार? तिनेच दुहेरी बांधला होता. पिलू खुंटाभोवती फिरत राहिलं, दोर आखूड होत गेला, आणि शेवटी तोंड खुंटाला टेकलं. किती वेळ ओरडत होतं ते मला सांगायचं नाही.

बाप्ये सावकाश आले. काठ्या मारून कुत्री बाहेर काढली. मग एक म्हातारा म्हणाला, "देवाने आपलं घेतलंन. इतक्या वर्षांनी खरी पारध झाली." सासऱ्यांनी तिथेच शेणात उभं राहून हात जोडले.

पण सोमवार होता. खाणार कसं? म्हणून त्यांनी पिलू साफ केलं, हळद-मीठ लावलं आणि गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवलं. ज्यांना सोमवारी कोंबडा कापायचं पाप वाटलं, त्यांना सोमवारी सुरी चालवायचं काही वाटलं नाही. मी हे बोलून दाखवलं. सासरे म्हणाले, "आमी नाय मारलं, मेलेलं साफ केलं."

मंगळवारी वाटे पडले. पारधीतलं जनावर गावाचं आणि मानाची मांडी मानकऱ्याच्या घरी. सागाच्या पानावर ती आमच्या ओट्यावर आली. जाऊ आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेऊन, हाताला पट्टी बांधून आली होती. सासरे म्हणाले, "शिजव गो." मी म्हटलं, कुणी शिजवणार नाही, फेकून देते. जाऊने माझ्या हातातून पान काढून घेतलं. एका हाताने वाटण वाटलं, एका हाताने ढवळलं. तिने सगळ्यांना वाढलं. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि म्हणाले, "घरचं खाऊन वाढलेलं. मऊ लागतंय." मी ताट सारून उठले आणि त्यांना जे बोलले, ते सुनेने सासऱ्याला बोलायचं नसतं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. जाऊने मीठ-भात खाल्ला आणि भांडी घासली.

चरबी उरली होती. सासऱ्यांनी ती वितळवून एका डब्यात भरली आणि चुलीमागच्या फळीवर ठेवली. वनरक्षक बाईमाणसाच्या चुलीमागे बघायला येत नाही, असं त्यांना वाटलं. जाऊला म्हणाले, "सांभाळ हां, मुंग्या लागतील." तिने सांभाळली. पावसात मी गेले तेव्हा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलेला दिसला.

शिमगा आटोपल्यावर गावकी बसली. मी पुन्हा उठून म्हटलं, आता तरी बंद करा. या वेळी कुणी मला गप्प केलं नाही. चूक झाली हे सगळ्यांनी कबूल केलं. मग ठराव झाला: धुळवड सोमवारी आली तर पारध मंगळवारी धरावी. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो टाकला, आणि मुंबईकरांनी खाली हात जोडल्याची चित्रं पाठवली.

पुढच्या वर्षी धुळवडीच्या सकाळी सासऱ्यांनी जाऊकडे डबा मागितला. तिने फळीवरून काढला, पदराने पुसला, पण हातातून सोडला नाही.

"मामा," ती म्हणाली, "यंदा सोमवार नाय ना?"

"नाय गो, शुक्रवार हाय," सासरे म्हणाले. तेव्हा तिने डबा दिला. सुनेला अखेर गावाची रीत कळली, म्हणून ते दिवसभर खुशीत होते.