आधी धक्का मारला, मग इंजिन उघडलं

लोकहो, गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला तर एवढं ऐका. कुणालाही धक्का मारू देऊ नका. मी आज मारू दिला.

सकाळी लालबागला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गाडी चालू करताना कट्‌कन आवाज झाला आणि ती बंद पडली. टोइंगवाल्याला फोन लावतोय, तोवर शेजारचे मोहनकाका चार जणांना घेऊन मागे उभे. "सेकंडला टाक रे, आम्ही आहोत ना!"

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांनी तीनदा धक्का मारला, तीनदा मी क्लच सोडला, गाडी ढिम्म. वर सगळ्यांना चहा पाजला.

दुपारी टोइंगवाल्याने गाडी गॅरेजला पोचवली, तिथे मेकॅनिकने इंजिन उघडून कपाळाला हात लावला. "बेल्ट तुटल्यावर इंजिन फिरवायचं नसतं, साहेब. कदाचित नुसत्या बेल्टवर भागलं असतं. आता धक्क्याने पिस्टन आपटून सगळे वॉल्व्ह वाकलेत."

म्हणजे आठवडाभर गाडी तिथेच. आणि उद्या ताईला बाळासकट हॉस्पिटलमधून घरी आणायचंय.

मघाशी काका जिन्यात भेटले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघ, आम्ही होतो म्हणून! एकटा असतास तर काय केलं असतंस?"

एकटा असतो तर इंजिन वाचलं असतं हो, काका!

पण तोंडातून निघालं काय? "थँक्यू, काका."

खरं सांगा, तुम्ही तरी बोलला असता का?