ताट उठेपर्यंत

गेल्या जानेवारीत एका गुरुवारी मी माझ्या मोठ्या बहिणीला बाहेर जेवायला नेलं. हेतू एकच होता. जबलपुरातलं गढ्याचं घर विकून तिने नागपूरला मुलाकडे जाऊ नये, हे मला तिला सांगायचं होतं.

ताईने जवळच्या मझौली गावातल्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर ती आणि भाऊजी गढ्यात राहायला आले. भाऊजी गेल्यावर ती तिथे एकटीच राहिली. आमचं घर मदन महलला, म्हणजे स्कूटरने बारा मिनिटं. मला 'तू' म्हणणारं, माझं लहानपण पाहिलेलं माणूस जबलपुरात तिच्याशिवाय दुसरं उरलेलं नव्हतं. माझ्या मुलांना मराठी समजते, पण उत्तर हिंदीत येतं.

भाचा दोन महिन्यांपासून तिला बोलावत होता. त्याचं चूक नव्हतं. तिचे गुडघे दुखतात आणि घराला चौदा पायऱ्या आहेत. घराला गिऱ्हाईकही आलेलं होतं. ताईने मला विचारलं होतं, "तुझं काय म्हणणं?" मी आयुष्यभर लेखा विभागात काम केलेला माणूस. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. घर ठेवलं तर देखभाल किती, विकलं तर व्याज किती, नागपूरला डॉक्टर किती जवळ. माझं स्वतःचं म्हणणं मात्र राहिलं. ते उंबरठ्यात चपला घालता घालता सांगण्यासारखं नव्हतं. त्यासाठी नीट बसायला हवं असं मला वाटलं, आणि म्हणून मी टेबल राखून ठेवलं.

ते रेस्टॉरंट मदन महल स्टेशनपासून फार लांब नाही. खाली टाइल्सचं दुकान, वर हे. बाहेरची पाटी इतकी लहान की मी दोनदा पुढे निघून गेलो होतो. इंटरनेटवर त्याला पाचपैकी साडेतीन तारे होते. लोकांनी लिहिलेलं सगळं मी वाचलं. पदार्थ लहान, बटर नान मिळत नाही, वेळ फार लावतात, गाणी वाजवत नाहीत. चव वाईट आहे असं एकानेही लिहिलेलं नव्हतं. ही तक्रार नसून शिफारस आहे, असं मी बायकोला म्हटलं.

आम्ही साडेसातला पोचलो. बारा टेबलांपैकी दोन भरलेली होती. टेबलांवर पांढरे कपडे, दाराशी ताजा झेंडू, आणि बोलणं ऐकू येईल इतकी शांतता.

"काहून रे, इथं कोणी येत नाही का?" ताईने बसता बसता विचारलं.

"येतील. लोकांना अजून कळलं नाही."

"तुला तेवढं बरोबर कळलं!" ती बायकोकडे वळली. "हा लग्नाआधी आम्हाला एका डोशात दोन चमचे मागवून खाऊ घालत होता. आज काय झालं याला?"

"मलाही तेच विचारायचं आहे, ताई," बायको म्हणाली. "मला तर अजून एकच चमचा मिळतो."

त्या हॉटेलात मेनू कार्ड नव्हतं. ते चालवणारी एक तरुण मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, "आंटीजी, आज सात चीजें हैं, एक के बाद एक आएंगी. आप बस आराम से बैठिए."

इथेच माझा घोटाळा सुरू झाला. तो कळायला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. वडिलांचा नियम होता: ताटावर बसल्यावर वादाचं, मागण्याचं आणि दुखण्याचं बोलायचं नाही. जे काही असेल ते ताट उठल्यावर. त्यामुळे आमच्याकडे महत्त्वाची सगळी बोलणी हात धुतल्यावर, सुपारी कातरताना व्हायची. माझी नोकरी, ताईचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन, सगळं. हा नियम आम्हा दोघांत इतका मुरलेला आहे की तो नियम आहे हेही आठवत नाही. घरी तो पाळणं सोपं होतं. ताक-भात आला की जेवण संपत आलं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

इथे ताक-भात येणार नव्हता. मी ठरवलं, सात पदार्थ मोजायचे आणि शेवटच्यानंतर बोलायचं.

पहिल्यांदा कोवळ्या मटारचं सार आलं, कपभर. ताईने एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हा आपल्याकडचा मटार आहे. मझौलीकडचा. साखर घातलेली नाही यात, तोच गोड आहे." मग मुलीला हाक मारून म्हणाली, "बेटा, मटर कहाँ से लाती हो?"

"मझौली साइड से ही आता है, आंटीजी."

"देखा!" ताई एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

मग शिंगाड्याच्या पिठाचं लहानसं धिरडं, वर आंबट चटणी. मग भाजलेलं वांगं, पण आपल्या भरतासारखं नाही, अख्खं आणि लोण्यासारखं मऊ. प्रत्येक पदार्थाच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं जात. ती रिकामी मिनिटं बोलण्यासाठीच होती हे आता कळतं. शेजारच्या टेबलावरचे नवरा-बायको त्याच वेळात काहीतरी गंभीर बोलत होते. आम्ही मात्र टेबलावर बसलो होतो, म्हणजे जेवत होतो. म्हणून ताईने मझौलीच्या शाळेतल्या गमती सांगितल्या, बायकोने शेजारणीच्या, आणि मी हसत राहिलो. एवढं हसलेली ताई मी भाऊजींच्या आजारपणानंतर पाहिली नव्हती.

चौथ्यानंतर लहान वाटीत लिंबाचा बर्फासारखा गोळा आला. गोड होता. बाहेर जेवणाचा शेवट गोडाने होतो हे मला माहीत होतं. सात म्हणजे त्यांनी चटणी वगैरेही धरली असणार, असा मी हिशेब लावला. वाटी संपवली, तोंड पुसलं.

"ताई, मला जरा बोलायचं होतं."

तेवढ्यात मुलगी मोठ्या ताटल्या घेऊन आली. "ये तो बस मुँह साफ करने के लिए था, सर. मेन कोर्स अब है."

बायकोला हसू आवरेना. ताईनेही हसत माझ्यापुढे तळहात धरला. "आधी जेव. मग बोल."

मी जेवलो. कोदो नावाच्या भरडधान्याचा भात होता, तुपात परतलेला, सोबत पातळ आमटी. इतका चांगला भात मी बाहेर कुठे खाल्लेला नाही. मी पुन्हा मोजायला लागलो. हा पाचवा, अजून दोन.

सहावा यायच्या आधी ताईचा फोन वाजला. भाच्याचा होता. ती उठली आणि बाहेरच्या गॅलरीत गेली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. बायको हळूच म्हणाली, "आता ती आली की बोलून टाका. काय थांबून राहिले तुम्ही?"

"जेवण होऊ दे," मी म्हटलं.

ताई परत आली, खुर्चीत बसली आणि रुमाल पुन्हा मांडीवर पसरला.

"हो म्हणून टाकलं त्याला," ती म्हणाली. "केव्हाचा मागे लागला होता. त्याला म्हटलं होतं, आज भाऊ जेवायला नेऊन राहिला आहे, रात्रीपर्यंत सांगते."

सहावा पदार्थ आला. सातवा आला, महुआची, म्हणजे मोहाच्या फुलांची खीर. ताईने ती चवीने खाल्ली. माझी तिने बायकोकडे सरकवली, कारण मी हात लावला नव्हता.

ताटल्या उचलल्या गेल्यावर मी बोललो. "ताई, जाऊ नकोस असं सांगायला मी तुला आणलं होतं."

मांडीवरचा रुमाल तिने टेबलावर ठेवला.

"मग मघाशी?"

"मघाशी तेच सांगत होतो."

"मला वाटलं ट्रकचं विचारतोस. किती सामान, कुठली गाडी. तू तेच बोलतोस ना नेहमी." तिने टेबलावरचा कपडा हाताने सारखा केला. "तू जेवायला आणलंस तर मी समजले, निरोपाचं आहे. दोन महिने तू आकडेच सांगितले. जाऊ नको असं एकदाही म्हणाला नाहीस रे."

"आता म्हणतो आहे."

"आता त्याला हो म्हटलं आहे. तो खूश झाला आहे. मागे घेऊ का मी?"

ती मागे घेणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बायकोने तिच्या हातावर हात ठेवला. ती तरुण मुलगी आली आणि विचारू लागली, कैसा लगा. ताईने तिला जवळ ओढून पाठ थोपटली. "बहुत अच्छा, बेटा. बहुत ही अच्छा. लोग आएंगे, तुम बंद मत करना." तिचे डोळे भरले होते. मुलीला वाटलं जेवणामुळे, आणि ते काही खोटं नव्हतं.

मार्चमध्ये ताई नागपूरला गेली. मी ट्रक ठरवला, सामान मोजलं, घराच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही केली. हॉटेल अजून चालू आहे. मी त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, पाच तारे दिले. एका माणसाच्या पाच ताऱ्यांनी सरासरी हलत नाही.

ताईचा दर रविवारी फोन येतो. काय जेवलास, ती विचारते. मी सांगतो. मग ती म्हणते, "आणखी काय?" आणि थोडी थांबते. तिथे तिला नीट झोप लागते का, एवढंच मला विचारायचं असतं. पण मी हवा कशी आहे ते विचारतो, आणि ती नागपूरचं तापमान सांगते.