खारूताईची टाच

वीजखात्यात तेवीस वर्षं काढलेल्या, झुपकेदार मिशांच्या या माणसाला सगळे खारूताई म्हणत. खालच्याची मान वर होईपर्यंत हा पोलच्या टोकाशी पोचलेला असे, म्हणून. नाव ठेवलं होतं त्याच्या जोडीदाराने. जोडीदार जाडजूड, सावकाश, बहुतेक वेळ खालीच उभा राहून साहित्य वर देणारा. एक चढायचा, एक थांबायचा, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

मग टाच दुखायला लागली. टाचेच्या मागची जाड शीर. सकाळी पहिलं पाऊल टाकताना तो भिंत धरायचा, आणि बायकोने पाहिलं की भिंतीवरचा डाग बघतोय असं दाखवायचा. पंचेचाळिशीनंतर दरवर्षी वायरमनची चढाईची चाचणी होई. साहेब खाली घड्याळ घेऊन उभा. वेळेत जमलं नाही तर पोल सुटला, पुढची सगळी वर्षं तक्रारीच्या फोनवर. तिथे बसवलेला एक जुना वायरमन घरी बायकोलासुद्धा ‘नोंद घेतली आहे’ म्हणायला लागला होता. लोक हसत. खारूताई मात्र तिथून उठून जायचा.

म्हणून त्याने गुपचूप बाजारातल्या एका डॉक्टरकडे टाचेत दुखणं दाबणारी सुई घेतली. पहिल्या सुईवर तीन महिने निघाले, दुसरीवर तीन आठवडे. तिसरीला डॉक्टर नको म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्याने ही गोष्ट जोडीदारालाही कळू दिली नाही.

शॉकवेव्ह नावाचा उपचार बायकोने शोधून काढला. चष्म्याच्या दुकानाच्या वर एक खोली, त्यात पडदा लावलेला पलंग आणि चाकांवरचं एक यंत्र. यंत्र चालवणारी फिजिओथेरपिस्ट त्याच्या मुलीच्या वयाची. विजेचा इथे काही संबंध नाही, तिने आधीच सांगितलं. हे नुसते आवाजाच्या लाटांचे ठोके. जुनं दुखणं शरीराने सोडून दिलेलं असतं, ठोके बसले की ते पुन्हा दुरुस्तीला लागतं. पण दुरुस्ती त्याच्या चालीने होते, आठवडे लागतात.

तिने टाच अंगठ्याने दाबली, पुन्हा दाबली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

“काका, इथे सुई घेतलीत का कधी? खरं सांगा. सुईने शीर कमजोर होते, मग लगेच हे ठोके नाही देता येत.”

बायको शेजारीच बसली होती. “छे,” तो म्हणाला, “सुईला मी घाबरतो.” बायको हसली, कारण ते खरंच होतं. सुई घेतलेली नाही, असं लिहिलेल्या कागदावर त्याने सही केली.

टकटकटकटक. दोन हजार ठोके. दहापैकी किती दुखतंय, असं ती विचारायची. आठ असताना तो चार म्हणायचा, आणि ती जोर एक आकडा वाढवायची. दुसऱ्या वेळी तिने सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. तो गेला नाही. तिसऱ्या वेळेनंतर तो पलंगावरून उतरला आणि दुखणं नव्हतं. अजिबात नव्हतं. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. याचा एका दिवसात नाहीसा झाला, आणि आनंदाच्या भरात त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. सहा आठवडे चढायचं नाही, उड्या नाहीत, दुखणं थांबलं म्हणजे शीर जुळली असं नाही, हे तिने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. चाचणीला दहा दिवस होते.

जोडीदाराने तो कागद वाचला. तो बोलायचाच कमी, पण त्या दिवशी बोलला. “तारेतून आवाज येत नाही म्हणून तू कधी हात लावतोस का?”

खारूताईने विषय बदलला. घरी मात्र त्याने दार लावून टाच दाबून पाहिली. एका जागी बोट नको तितकं आत जात होतं, आणि दुखत नव्हतं. त्याला भीती वाटली. बाहेर बायको शेजारणीला सांगत होती की हे आता दोन-दोन पायऱ्या चढतात. तो मोजे घालून बाहेर आला.

चाचणीच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. साहेबाने घड्याळ लावलं आणि तो निघाला. वेळ वाचावा म्हणून कमरेचा पट्टा त्याने वर गेल्यावरच अडकवायचं ठरवलं होतं. निम्मा पोल झाला, पाऊण झाला. खालून कोणीतरी टाळी वाजवली. त्याने उजवा चवडा पुढच्या खुंटीवर ठेवला आणि अंग वर ढकललं.

मागून कोणीतरी पोटरीवर जोरात लाथ घातली.

त्याने रागाने वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिथे कोणी असणं शक्यच नव्हतं. खाली, खूप खाली, साहेबाचं डोकं आणि जोडीदाराचा वर वळलेला चेहरा. त्याने उजव्या पायाला दाब म्हणून सांगितलं. पाय लोंबकळतच राहिला. टाचेमागची शीर तुटली होती. दुखत अजूनही फारसं नव्हतं. डावा पाय थरथरायला लागला, आणि पट्टा अडकवायचा तर एक हात सोडावा लागणार होता.

“काय झालं रे?” जोडीदार ओरडला.

“सुया घेतल्या होत्या मी,” तो म्हणाला. “दोन. घरी हिला सांग.”

खाली कोणाला काही कळलं नाही. जोडीदाराने मात्र चपला काढल्या, पहिली खुंटी धरली आणि आपलं जड शरीर वर ओढायला लागला. वर खारूताईचे तळवे घामाने निसरडे झाले होते, आणि जोडीदार अजून दुसऱ्याच खुंटीवर होता.