आत्याचं हक्कसोडपत्र

मी शिकलो तो सुमनआत्यामुळे. तिच्या रत्नागिरीच्या घरी राहूनच मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

काल मृत्युपत्र नोंदवताना अंगठ्याला शाई लागली आणि त्या वासासरशी आजोबा गेल्यानंतरची एक दुपार आठवली. त्याच कचेरीत, संगमेश्वरच्या घरातला वाटा सोडल्याचा कागद आत्यापुढे होता. बहिणीने सही करायची आणि भावाने साडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. साडी वडिलांच्या पिशवीत होती.

"दादा, म्हणजे आता घरी येताना विचारून यायचं?"

"येडी की काय गो! घर तुझंच."

"मग सही कशाला रे?"

सगळे हसले. आत्यानेही हसत सही-अंगठा दिला. पुढे मी तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हाही ती साडी कपाटात कोऱ्या घडीतच होती. तेव्हा वाटलं, जपून ठेवली असेल.

काल कचेरीतून घरी येऊन तिला पत्र लिहिलं :

"ती. आत्यास, साष्टांग नमस्कार. संगमेश्वरचं घर मुलाला आणि मुलीला सारखं लिहिलंय. पडवीलगतची खोली मात्र तू आहेस तोवर तुझी, माझ्या माघारीसुद्धा. मृत्युपत्रात तसं स्पष्ट नोंदवलंय. चावी सोबत पाठवतोय. तुझा, बाळू."