पाटाचं पाणी आणि माझा उजवा हात

माझी स्कूटी विकायची असं आमच्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांचं ठरलं होतं. सगळे म्हणजे दोघंच, नवरा आणि मुलगा. पण बायकोची गाडी विकायची म्हटल्यावर तेवढं बहुमत पुरतं.

कारण होतं माझा उजवा हात. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती, मी ते विसरूनही गेले होते. अन् एका उन्हाळ्यात हात सुजायला लागला. आधी ब्लाउजची बाही घट्ट झाली, मग मूठ मिटेना. स्कूटीचा ॲक्सिलरेटर उजव्या हातात, पुढचा ब्रेकही उजव्या हातात. मूठ मिटत नसली तर चालवणार काय? पन्नाशी उलटल्यावर शिकले होते हो मी गाडी! ती गेली असती तर भाजी आणायलाही लेकाच्या सवडीची वाट बघत बसले असते.

आता त्या दिवसांतली मी काय शहाणी होते ते ऐका. माझं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं. वडिलांच्या मागं उसाला पाणी देत लहानाची मोठी झाले. वाफ्यात पाणी फार झालं की वरच्या अंगाला चिखलाचा बांध घालायचा, खालच्या अंगाला निचऱ्याला वाट काढून द्यायची, एवढं शास्त्र मला पक्कं ठाऊक. तेच बाईसाहेबांनी हाताला लावलं. परकराची नाडी काढून काखेजवळ करकचून बांधली, म्हणजे वरून येणारं पाणी बंद! आणि निचरा व्हावा म्हणून झोपताना हात खाटेखाली लोंबता सोडला. सकाळी उठून बघते तर बोटं केळ्याच्या फण्यासारखी. तरी बाईसाहेब म्हणतात, नाडीच सैल बांधली गेली असेल.

मग डॉक्टरांनी मला लिम्फिडीमाच्या क्लिनिकमध्ये पाठवलं. हे फक्त अशा सुजेचंच क्लिनिक. तिथली थेरपिस्ट माझ्या नातीएवढी, घरात तेलुगू बोलणारी आणि मराठीत माझ्यापेक्षा फटकळ.

"आज्जी, हे वळ कशाचे?"

"नाडीचे."

"कसली नाडी?"

"परकराची. पाणी अडवायला बांधली होती."

पोरीनं ओठ घट्ट मिटून घेतले. हसू आवरत होती, मला दिसत होतं. मग म्हणाली, "पाणी वरून येत नाही ओ आज्जी. हातातलंच वर जायला बघतंय. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या ना, तिथं त्याची वाट मोडली. त्यात तुम्ही आणखी एक बांध घातला."

"म्हणजे चढाला पाणी लावायचं?"

"हां."

"मग मोटार लागेल की!"

"आहे ना मोटार. तुमचे स्नायू. पट्ट्या बांधून हात हलवला की मोटार सुरू."

मला असं वाटलं की उठून नाचावं. दोन डॉक्टरांनी सांगून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं! पुढं तिनं मालिश सुरू केलं तेही मानेपासून, हाताला स्पर्शसुद्धा नाही. आधी पुढचा पाट मोकळा करायचा आणि मग पाणी सोडायचं. अगं, हे तर मला येत होतं! फक्त उलट्या दिशेनं करत होते. तिचा हात मात्र इतका हलका की मी म्हटलं, "जरा रगडून कर की." तर म्हणते, "आज्जी, मी कणीक मळत नाही. त्वचेखालचं पाणी सरकवतेय."

पट्ट्या बांधणं घरच्यांनीही शिकायचं होतं. आमचे हे पुढं सरसावले. गावात कुणाचं लग्न असलं की फेटे बांधायला ह्यांनाच बोलावतात, त्याची भारी ऐट.

"आजोबा, बोटांकडं घट्ट, वर जाताना सैल," ती म्हणाली.

"म्हंजी उलटा फेटा. कळलं की!"

आणि खरंच कळलं होतं. पहिला फेटा जरा नवरदेवाला शोभेल असा झाला, पण दुसरा तिनं पास केला. सोलापूरच्या उन्हात पट्ट्यांचे थर घालून बसणं म्हणजे काय ते विचारू नका. पण हाताचा घेर मोजायच्या तिच्या टेपचा आकडा खाली उतरला की मी क्लिनिकमध्येच टाळी द्यायला हात पुढं करायची. डावा. तिनं बजावलं होतं, हे कायमचं जाणारं नाही, रोज सांभाळायचं. कातडीला चिरा पडू द्यायच्या नाहीत, जड उचलायचं नाही, हात लाल झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. मी म्हटलं, सांभाळीन. मूठ मिटली की झालं.

मूठ मिटली! पट्ट्या जाऊन दाबाची घट्ट बाही आली. तिनं माझी पकड तपासली आणि म्हणाली, "चालवा गाडी, पण जवळच जायचं, बाही घालून. मध्ये थांबून हाताला विश्रांती." हे मी घरी सांगितलं नाही. का सांगू?

रविवारी मुलगा गिऱ्हाईक घेऊन आला. मी बाही चढवली, हेल्मेट घातलं आणि म्हटलं, "थांबा, ट्रायल मी दाखवते." मुलगा "आई, आई" करेपर्यंत मी फाटकाबाहेर! ब्रेक दाबला, दाबला गेला. परत दाबला. वारं तोंडावर आलं आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

होटगी रोडला लिंबाच्या सावलीत हाताला विश्रांती द्यायला थांबले तर फोन.

"आई, कुठंयस? माणूस ताटकळलाय!"

"त्याला चहा पाज आणि सांग, गाडी विकायची नाही."

पलीकडं फोन ह्यांनी ओढून घेतलेला कळला. "हात कसा हाय?"

"झकास."

"मग येताना गिरणीतनं दळण घिऊन ये."

"दळण जड, ते तुम्ही आणा. मी कोथिंबीर आणते," म्हटलं, आणि किल्ली फिरवली.